प्रॉप ५०: समोरचा रडी खेळतोय, मग आपणही?

फ्रीमाँटकर
४ नोव्हेंबर २०२५ ला कॅलिफोर्नियात प्रॉप ५० ला (मतदारांपुढे ठेवलेला ५० क्रमांकाचा प्रस्ताव) 'हो' म्हणून आलो. तेव्हा काही वाटलं नाही, आता मात्र डोक्यात किडा वळवळतोय.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: ऑगस्टमध्ये टेक्सासच्या रिपब्लिकनांनी पुढच्या जनगणनेची वाट न बघता हाउसचे (अमेरिकी संसदेचं खालचं सभागृह) मतदारसंघ नव्याने आखले. का, तर पाच जागा वाढाव्यात. आमच्याकडे हे काम मतदारांनीच पुढाऱ्यांच्या हातून काढून १४ नागरिकांच्या आयोगाला दिलं होतं: ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन, ४ दोन्हीकडचे नाहीत. प्रॉप ५० ने आयोगाचा हाउसचा नकाशा २०३० पर्यंत गुंडाळून ठेवला आणि डेमोक्रॅट्सच्या सोयीचा आणला. ६४ टक्के लोक 'हो' म्हणाले. चुकलो का आम्ही?

डॅलसवासी
चुकलातच. टेक्सासने केली ती लबाडी, आणि तुमचा तो नाइलाज? २०२४ ला ट्रम्पना कॅलिफोर्नियात ३८ टक्के मतं होती, ५२ पैकी जेमतेम ९ जागा रिपब्लिकनांकडे आल्या. त्याही खुपल्या! आणि आमचे टेक्सासचे डेमोक्रॅट आमदार कोरम मोडून नकाशा रोखायला पळाले कुठे, तर इलिनॉयला. तिथे १७ पैकी १४ जागा त्यांच्याच पक्षाच्या. नकाशा बघा एकदा, शेवया सांडल्यासारखा आहे.

आडवाफाटा
टक्के आणि जागा जुळल्या नाहीत की लगेच लबाडी म्हणू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये ट्रम्पना एक तृतीयांशाहून जास्त मतं, तरी नऊच्या नऊ जागा डेमोक्रॅट्सच्या. पण तिथे रिपब्लिकन मतदार राज्यभर विखुरलेत, त्यांचा वेगळा मतदारसंघ कोरणंच अवघड. लबाडी ओळखायची ती कोंबाकोंबी आणि फोडाफोडीवरून. विरोधकांची वस्ती एकाच मतदारसंघात कोंबा, नाहीतर चार ठिकाणी फोडा. विस्कॉन्सिन, २०१८: विधानसभेला डेमोक्रॅट्सना निम्म्याहून जास्त मतं, जागा ९९ पैकी ३६.

(ज्याच्या नावावरून या प्रकाराला 'जेरीमँडरिंग' म्हणतात तो गव्हर्नर गेरी १८१२ च्या निवडणुकीत पडला. पुढच्या वर्षी उपाध्यक्ष!)

फ्रीमाँटकर
मग दाद कुठे मागायची? सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ५-४ ने सांगून टाकलं की पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या नकाशात फेडरल कोर्टं पडणार नाहीत. आम्ही सोवळं पाळत बसायचं आणि हाउस कोणाचं ते टेक्सासने ठरवायचं?

डॅलसवासी
सगळ्या राज्यांना एकच नियम मागा की.

फ्रीमाँटकर
मागितला होता. २०२१ मध्ये हाउसने मंजूरही केला, राज्याराज्यांत स्वतंत्र आयोगाचा. सेनेटमध्ये रिपब्लिकनांनी अडवला. तुमच्या दोन्ही सेनेटरांनी कुठे मत दिलं ते बघा.

पार्लेकर
वाचून हसू येतंय. मुंबईत आघाडी सरकारने २२७ चे २३६ प्रभाग केले, २०२२ मध्ये शिंदे सरकारने परत २२७. पुण्यात चारचा प्रभाग, मग तीनचा ठरवला, मग पुन्हा चारचा. सरकार बदललं की प्रभाग रचना बदलते, आणि रचना आली की आमच्याकडे पहिला प्रश्न 'कोणाचा वॉर्ड फुटला?'

आडवाफाटा
@पार्लेकर, ते पालिकेचं. लोकसभा-विधानसभेच्या सीमा आखणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षपदी सुप्रीम कोर्टाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. खासदार-आमदार सहसदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मत नसतं. तंटे तिथेही होतात, तरी पेन्सिल सत्ताधाऱ्याच्या हातात नसते. कॅलिफोर्नियाने तीच परत दिली.

फ्रीमाँटकर
परत नाही, उसनी. २०३१ ला पुन्हा आयोगच आखणार, तसं लिहूनच मतदान झालंय.

डॅलसवासी
आमच्याकडेही दहा वर्षांनीच आखायची रीत होती.

फ्रीमाँटकर
कसली रीत? २००३ मध्येही टेक्सासने मधेच आखला होता. पण मुद्दा कळला. हाच तो किडा.