दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये फ्लोअरस्टँडिंग स्पीकर घ्यावेत का?

माहीमचा श्रोता

नमस्कार. माहीमला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. हॉल १४ फूट लांब आणि १० फूट रुंद असून छतही १० फुटांवर आहे. माझ्याकडे गेली नऊ वर्षे सव्वापाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या पेटीचे स्पीकर आहेत. ते ५० वॅटच्या स्टिरिओ अँप्लिफायरला जोडलेले असून शोकेसच्या मधल्या कप्प्यात ठेवलेले आहेत. ऐकणे मुख्यतः ख्यालगायनाचे, त्याखालोखाल सरोद आणि नाट्यपदे.

माझी तक्रार अशी की डग्ग्याची मींड फुगल्यासारखी ऐकू येते आणि तानपुऱ्याची खर्जाची तार गायकाच्या मागे कुठेतरी हरवते. मागच्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात साडेसहा इंची दोन वूफरचे फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे थेट जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर ऐकले, तेव्हा विलंबित ख्यालाआधीचा तानपुरा असा भरून आला की आलाप सुरू होण्यापूर्वीच माझे मन तयार झाले होते. जोडीला ८० हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. माझ्या खोलीला आणि अँप्लिफायरला हे स्पीकर झेपतील का?

ठाण्याहून

आपण खोलीची मापे दिलीत हे फार बरे झाले, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जेवढे अंतर असते, त्याच्या दुप्पट लांबीची ध्वनिलहर त्या खोलीत घुमते. १४ फुटांसाठी हा अनुनाद सुमारे ४० हर्ट्झवर येतो आणि १० फुटांसाठी सुमारे ५६ हर्ट्झवर. आपल्याकडे रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे ५६ हर्ट्झचे दोन अनुनाद एकावर एक बसतात, आणि मोठे वूफर नेमके त्याच जागी जोर लावतील. दुकानातली ऐकण्याची खोली बहुधा मोठी असते, त्यामुळे तिथला खर्ज घरी जसाच्या तसा येईल असे धरून चालू नये.

दुसरे म्हणजे, काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला लागते. स्त्रियांच्या काळी चार-पाचला ती शंभराच्याही पुढे जाते. शिवाय तानपुऱ्याचा भरदारपणा मूळ स्वरापेक्षा जवारीतून (घोडीवर तारेला येणाऱ्या झंकारातून) उठणाऱ्या वरच्या स्वरांमध्ये अधिक असतो. आपल्या सध्याच्या स्पीकरांना हे सगळे वाजवता यायला हवे. ते बिघडते आहे ते शोकेसमुळे, असे माझे मत आहे. कप्प्याच्या फळ्या घुमतात, डग्गा फुगवतात आणि जवारीवर पडदा टाकतात. स्पीकर बाहेर काढून २४ इंची स्टँडवर ठेवा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीवर आणा आणि मगच खरेदीचा विचार करा.

डोंबिवलीकर

वरच्या उत्तरातील खोलीविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यावरून फ्लोअरस्टँडिंग नकोतच असा निष्कर्ष कोणी काढू नये. मी चार वर्षांपूर्वी याहूनही लहान खोलीसाठी ते घेतले आणि पहिली चूक अशी केली की जागा वाचवण्यासाठी दोन्ही स्पीकर कोपऱ्यांत सरकवले. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर वाढवतात. पखवाज लावला की खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला हादरे बसत, आणि त्यांनी ते मला फार सौजन्याने सांगितले. पुढे स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे आणले, मागच्या पोर्टमध्ये (पेटीच्या हवेच्या भोकात) फोमचे बूच बसवले आणि त्रास थांबला.

आता फायद्याची बाजू. मोठ्या स्पीकरचा खरा लाभ मला खर्जात नव्हे, तर सहजतेत दिसला. द्रुत लयीत तान आणि तबला एकाच वेळी जोरात आले, तरी दोन वूफर काम वाटून घेतात आणि आवाज चिरकत नाही. लहान स्पीकरला तिथे धाप लागते. जागेचे म्हणाल, तर स्टँडवरचा बुकशेल्फ स्पीकरही जमिनीवर तेवढीच जागा अडवतो.

विक्रोळी

अँप्लिफायरबाबत एवढेच पाहा की स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक वॅटमध्ये तो किती मोठा आवाज देतो ते) ८६ ऐवजी ८९ डेसिबल असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. इम्पिडन्स (स्पीकरचा विद्युत अवरोध) मात्र ४ ओहमच्या खाली फार उतरणारा नसावा. आणि वूफरची कड रबराची घ्या. फोमची कड मुंबईच्या दमट हवेत भुसभुशीत होऊन तुटते.

माहीमचा श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे केले ते सांगतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी चौकोनी पाइपचे दोन स्टँड करून घेतले, त्यांत वाळू भरली आणि स्पीकर शोकेसबाहेर आणले. मग फोनवरून ४० ते १०० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून वाजवले. ५६ च्या आसपास पोहोचताच शोकेसची काच आणि आतले स्टीलचे पेले किणकिणू लागले, तर ६० च्या पुढे ते शांत झाले. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता, तो दीड फूट पुढे ओढला. डग्ग्याची सूज बरीच उतरली, आणि खर्जाची तार आता तिच्या जागी, गायकाच्या किंचित डावीकडे, स्पष्ट ऐकू येते. ती इतकी वर्षे त्याच ध्वनिमुद्रणात होती, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

उरली आहे ती डोंबिवलीकरांनी सांगितलेली धाप. आवाज थोडा वाढवला की तारसप्तकातली तान कडक होते. म्हणून साडेसहा इंचींचा विचार सोडून पाच इंची दोन वूफरची, ८९ डेसिबलची, सडपातळ जोडी निवडली आहे. दुकानदार ती दोन दिवस घरी ऐकायला द्यायला तयार झाले आहेत. शनिवारी संध्याकाळी येईल; भिंतीपासून दीड फुटांवर खडूने खुणा करून ठेवल्या आहेत.