मदत हवी आहे: एन्क्रिप्टेड मेल उघडतो, अटॅचमेंटचं नाव मात्र गायब

वेबमेलमध्ये पीजीपी-माइम (मेल एन्क्रिप्ट करायची एक पद्धत) मेल नीट डिक्रिप्ट होतो, पण अटॅचमेंटच्या जागी नुसतं 'पार्ट २' येतं. फाइल उतरवून एक्स्टेन्शन जोडलं की व्यवस्थित उघडते. तोच मेल थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये नावासकट दिसतो.

डिक्रिप्ट केलेला सोर्स पाहिला. नाव आहे, पण आरएफसी २२३१ (हेडरमध्ये लांब किंवा बिगर-इंग्रजी नावं कशी लिहायची याचं मानक) प्रमाणे तुकड्यांत: फाइलनेम*०*, फाइलनेम*१*. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, एन्कोड होऊन ९ अक्षरं, म्हणून नाव लांबतं. 'कंटेंट-टाइप' (फाइलचा प्रकार सांगणारा हेडर) मध्ये नावच नाही. छोटं इंग्रजी नाव बरोबर येतं. एन्क्रिप्शन नसेल तर देवनागरीही येतं! कॅशे, ब्राउझर बदलून झाले.

पाठवणाऱ्यांचं सेटिंग बदलता येणार नाही, सर्व्हरवरचा कोड बदलता येईल. डिक्रिप्शननंतर आतले हेडर वेगळ्या पार्सरकडे (हेडर वाचणाऱ्या कोडकडे) जातात का, आणि हे तुकडे तो जोडतो की नाही हे नेमकं कुठे तपासायचं?