२६ जुलै २००५ : हा नेहमीचा पाऊस नाही, हे तुम्हाला कधी कळलं?

दादरकर

जुलै संपत आला की आमच्या ऑफिसात त्या पुराचा विषय निघतोच. ‘तू कुठे होतास?’पासून सुरू होतो आणि कोण किती चाललं यावर येऊन अडकतो. मला त्यातलं एकच विचारावंसं वाटतं. कळलं कधी?

माझं ऑफिस फोर्टात. त्या मंगळवारी कुलाबा वेधशाळेत ७३ मिलीमीटर पावसाची नोंद झाली, म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यातला अगदी साधा दिवस. त्याच चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४. लोकलने तासभरसुद्धा लागत नाही हो मध्ये! आम्ही खिडकीशी उभे राहून भजी मागवायची की वडे यावर वाद घालत होतो, आणि तिकडे सांताक्रूझजवळ कालिन्यात माणसं सामान टाकून जिने चढत होती. घरचा फोन लागेना, तर मोबाइल कंपनीच्या नावाने बोटं मोडली आणि पुन्हा कामाला लागलो. संध्याकाळी चर्चगेटला पोचलो तर इंडिकेटर कोरा. एवढी गर्दी आणि एवढी कमी बडबड त्या स्टेशनात मी ना आधी पाहिली ना नंतर. तिथे कळलं.

तर लिहा. शौर्यकथाच हव्यात असं नाही. कुठे होतात, कशावरून कळलं, आणि एखादी बारीकशी गोष्ट जी अजून डोळ्यांसमोर आहे. ‘मुंबई स्पिरिट’ हा शब्द शक्यतो टाळा, त्याचा मला वीट आलाय.

कालिनावासी

तळमजला, कालिना. पुढचं तुम्हाला समजलंच असेल.

दुपारी मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. ते आमच्याकडे दर पावसाळ्याचं. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे फडक्याचा बोळा कोंबला आणि वर वरवंटा ठेवला. थोड्या वेळाने तो वरवंटा आपोआप हलला आणि गडगडत बाजूला गेला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बस, तेव्हा कळलं.

पुढचं सगळं अर्ध्या तासात. मेन स्विच बंद केला, सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, कागदपत्रांची पिशवी आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या उचलल्या आणि वर. दुसऱ्या मजल्यावर ज्यांच्याकडे आसरा घेतला त्यांच्याशी पार्किंगवरून आमचा अबोला होता. त्यांच्या दोन खोल्यांत त्या रात्री तळमजल्याची सगळी बिऱ्हाडं. वहिनींनी मेणबत्तीच्या उजेडात पातेलंभर खिचडी टाकली, लोणच्याची बरणी मध्ये ठेवली. पार्किंगचा ‘पा’ कोणी काढला नाही. (आता पुन्हा अबोला आहे. ते जाऊ दे.)

खाली आलो तेव्हा फ्रिज आडवा, कपाटं फुगलेली, भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ. ते एक वेळ धरूनच चाललो होतो. पण वर्षाचे गहू आम्ही निवडून, एरंडेल लावून पत्र्याच्या पिंपात भरले होते. आतले गहू फुगले आणि पिंप शिवणीवर उसवलं. फटीतून गहू बाहेर आलेले, आणि आंबलेला वास असा की पुढे कितीतरी दिवस पोळी खाववेना. पंचनाम्याला आलेल्या माणसाने टीव्ही, फ्रिज, गाद्या लिहून घेतल्या. गहू लिहा म्हटलं तर म्हणाला, ‘धान्य किती ते सांगा ना ताई.’ सासूबाई म्हणाल्या, ‘अख्ख्या वर्षाचं.’

गवार

नाव वाचून हसू नका, कारण खाली आहे.

सीएसटीहून सुटलेली ठाणे लोकल, लेडीज डबा. शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी उभी राहिली. ती काय, रोजच कुठे ना कुठे उभी राहते. बायकांनी पिशव्या काढल्या आणि नेहमीप्रमाणे भाज्या निवडायला घेतल्या. एकीची मेथी झाली, दुसरीचे मटार सोलून झाले. मग मी माझी गवार काढली. गवार मोडायला किती वेळ लागतो ते ज्यांनी मोडली आहे त्यांनाच माहीत. ती संपली, शेजारणीचीही संपली, आणि गाडी तिथेच. निवडायला काही उरलं नाही तेव्हा एक मावशी दारातून खाली बघून म्हणाल्या, ‘अगं, रूळ कुठे गेले?’

फलाट नसताना लोकलचं दार किती उंच असतं ते उतरायची वेळ आल्यावर कळतं. शेजारच्या डब्यातल्या मुलांनी खाली उभं राहून हाताची पायरी केली. साडीवाल्या बायका, एक गरोदर, एक सत्तरीच्या आजी. कमरेइतक्या पाण्यात ओढण्या एकमेकींना बांधून चाललो. रुळाखालची खडी वाहून गेलेली, मध्येच पाय खोल जायचा आणि अख्खी माळ थांबायची. रुळालगतच्या झोपड्यांतली माणसं, जी स्वतःच गुडघाभर पाण्यात होती, ती हातात कंदील घेऊन ‘इधर से मत जाओ, गटर खुला है’ म्हणून ओरडत होती. त्यातल्या एकीने कोरा चहा दिला. मी तिला निवडलेली गवार देऊन टाकली. तिने ती घेऊन काय केलं असेल देव जाणे, तिची चूल पाण्यात होती.

मुलुंडला घरी पोचले तेव्हा उजाडलं होतं.

तिकीट_प्लीज

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्यांची डबलडेकर कुर्ल्याला एल.बी.एस. मार्गावर बंद पडली. पाणी खालच्या मजल्यावरच्या सीटपर्यंत आलं तसं त्यांनी सगळ्यांना वर चढवलं. शिवाय बाहेरून पाण्यातून चालणारेही आत आले. वर उभं राहायलाही जागा नव्हती आणि गाडी एका अंगाला झुकेल या भीतीने बाबा रात्रभर ‘दोन्ही बाजूंना सारखे बसा’ असं सांगत जिन्यात उभे होते. इतर दिवशी वर उभं राहून कोणाला प्रवास करू देत नाहीत, ही त्यांची दुसरी चिंता.

सकाळी पाणी उतरल्यावर ते आधी चालत डेपोत गेले. तिकिटाची पेटी आणि वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत धरलं होतं, ते कोरडं. कॅश भरली, सही केली, आणि मग घरी आले. आईने रात्रभर देव पाण्यात ठेवले होते. ‘आधी कॅश भरली’ हे ऐकल्यावर ती त्यांच्याशी चार शब्द बोलायलाही तयार नव्हती.

कळलं कधी म्हणाल तर बाबा म्हणायचे, खालच्या मजल्यावरची घंटीची दोरी पाण्यात तरंगायला लागली तेव्हा.

नालेकर

पालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात माझं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. एरवी अशा चर्चेत पडत नाही, कारण दोन प्रतिसादांनंतर कोणीतरी प्लास्टिकच्या पिशव्या काढतं आणि विषय संपतो. पिशव्या होत्याच, नाही असं नाही. त्याच वर्षी राज्यात त्यांच्यावर बंदीही आली. पण नुसत्या पिशव्यांनी एवढं पाणी तुंबत नाही.

आपल्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलीमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेल्या, आणि तेही ओहोटी असताना. त्या दिवशी सकाळी सांताक्रूझला जवळजवळ पाऊसच नव्हता. म्हणजे ९४४ मधला बराचसा भाग दुपारपासून रात्रीपर्यंत पडला. त्यात दुपारी तीनच्या आगेमागे ४.४८ मीटरची भरती. नाल्यांची बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. समुद्र वर आला की ती एक तर बंद करायची, म्हणजे शहराचं पाणी आत, किंवा उघडी ठेवायची, म्हणजे समुद्र आत. पंपाशिवाय तिसरा मार्ग नाही. तेव्हा पंप कुठे होते?

मिठीचं सांगायलाच हवं. विहार आणि पवई तलाव भरून वाहतात ते पाणी घेऊन ती सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, काटकोनात वळवलेली आहे, दोन्ही काठांवर भराव, गोदामं, वस्त्या, आणि मुखाशी वांद्रे-कुर्ला संकुल. बऱ्याच मुंबईकरांना मिठी ही नदी आहे हे २७ जुलैला पेपरात वाचून कळलं. तोवर ती ‘तो नाला’ होती.

सगळ्यात जिवाला लागतं ते वेगळंच. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेचा, अहवाल १९९३ पासून तयार होता. वाहिन्या ताशी ५० मिलीमीटरच्या करा, पंपिंग स्टेशन बांधा, सगळं त्यात लिहिलेलं. पुराआधी पैसे नव्हते, पुरानंतर आले. मग जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांची समिती झाली, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं एकामागून एक उभी राहिली. फरक पडलाय, मी स्वतः पाहिलाय. पूर्वी दोन दिवस राहायचं ते पाणी आता काही तासांत उतरतं. पण कोणी विचारलं की ‘पुन्हा ९४४ पडला तर?’, तर ५० ने भागून बघा आणि भरतीचे तास त्यातून वजा करा.

उल्हासकाठ

बदलापूरकर हजर. बातम्यांत तेव्हाही मुंबईच होती, या धाग्यातही आत्तापर्यंत मुंबईच आहे, चालायचंच. उल्हास नदी आमच्या सोसायटीच्या आवारात आली, आणि आली ती रात्री. कल्याणला वालधुनीने तेच केलं. आमच्याकडे बोटी आल्या, पण डोक्यावर कॅमेरे नव्हते.

आणि रायगड? महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे त्याच पावसात दरडी कोसळून घरंच्या घरं गेली. मामाचं गाव त्या बाजूला. रस्ते बंद, फोन बंद. आम्ही स्वतःच्या गच्चीवर अडकलेलो आणि आई एकच म्हणत होती, ‘माहेरचं काय झालं असेल?’ ते कळायला आणखी दिवस गेले.

दादरकर

उल्हासकाठ, शंभर टक्के मान्य. शीर्षकात मी मुद्दामच मुंबई घातली नव्हती. तुमच्याकडचे आणखी कोणी असतील तर त्यांना सांगा.

असल्फा

साकीनाका. दरड. ओळखीची घरं होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही, पण इथे त्या जागेचा उल्लेख असावा म्हणून लिहिलं.

जुहू_गल्ली

२६ ला आमच्याकडे घोट्याइतकं पाणी होतं. माझी भीती २८ तारखेची आहे. संध्याकाळी गल्लीत आरडाओरडा, ‘धरण फुटलं, धरण फुटलं!’ कोणी म्हणे त्सुनामी. डिसेंबरमध्येच त्सुनामी होऊन गेली होती, तो शब्द सगळ्यांच्या तोंडात नवा. लोक चपला सोडून पळत होते. कुठे पळायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. काही समुद्राच्या दिशेनेच पळत होते! नेहरूनगरात त्या चेंगराचेंगरीत माणसं मेली, त्यात मुलंही होती. पाण्याचा थेंब नसताना.

तेव्हा अफवा तोंडातोंडी पसरली. आज फॉरवर्ड आहेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘धरण’ हा शब्द आला की मी आधी पाठवणाऱ्याला फोन करून झापते, मग बाकीचं.

वॉर्ड_राउंड

तेव्हा पालिकेच्या एका रुग्णालयात मेडिसिनचा निवासी डॉक्टर होतो. २६ च्या रात्री आमच्याकडे काही विशेष नव्हतं, रुग्ण पोचूच शकत नव्हते. बदलीचे लोक येऊ न शकल्याने आम्हीच ड्यूटीवर. आम्हाला कळलं ऑगस्टमध्ये.

ताप घेऊन लोक यायला लागले. तापाला मुंबईत कोण घाबरतं? पण या रुग्णांच्या पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देत नसत, आणि डोळे लालभडक. मग काहींना कावीळ, काहींची लघवी कमी, काहींना श्वास लागलेला. लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या चिरेतून, जखमेतून शरीरात शिरतो. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत म्हशी दावणीलाच बुडाल्या होत्या, त्या पाण्यातून लोक मैलोन्‌मैल चालले होते. खाटा कमी पडल्या, जमिनीवर गाद्या टाकल्या. एका तरण्या मुलाला मी नेहमीप्रमाणे विचारलं, पाण्यातून चालला होतास का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारतोय, श्वास घेतोस का?

तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवा, आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.

नव्वदोत्तरी

२००५ ला मी तिसरीत, नाशकात. त्यामुळे माझं ते १३ मे २०२४. सोमवारची दुपार, घाटकोपर. पाऊस नंतर, आधी धूळ. समोरची इमारत पिवळी होत होत दिसेनाशी झाली. छेडानगरचं ते १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं तेव्हा मी स्टेशनच्या जिन्यावर होतो. १७ जण गेले. फरक एवढाच, मला कळायच्या आधी आईला नाशकात कळलं. तिने व्हिडिओ पाहूनच मला फोन केला.

वर्गशिक्षिका

उपनगरातल्या एका मराठी शाळेत तेव्हा नवीन लागले होते. दुपारच्या अधिवेशनाची मुलं. व्हॅनवाले काका आले नाहीत तेव्हा कळलं, कारण ते सुट्टीच्या आधी येऊन गेटवर तंबाखू मळत उभे राहायचे, पावसातही.

मुलं रात्रभर शाळेत राहिली. लहानांना मजा वाटत होती, बेंच जोडून झोपायचं म्हणून भांडणं. मोठ्या मुली मात्र गप्प. शाळेच्या शिपाईमामांनी पोषण आहाराच्या तांदळाची खिचडी शिजवली. कोणाचं मूल कोणाबरोबर गेलं ते मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून सही घेत होते. पहाटेपर्यंत पालक येत राहिले, ओले हात, शाई पसरलेली, काही सह्या वाचताच येत नव्हत्या. एक आजोबा चौघांना न्यायला आले, त्यातला नातू एकच. बाकीचे त्यांच्या चाळीतले. मी देईना. आजोबा चिडले, पण शेवटी मुलांनीच त्यांना ‘अप्पा’ म्हणून हाक मारली आणि एकाने त्यांच्या खोलीचा नंबर सांगितला, तेव्हा सोडलं.

आता आमच्या प्रवेश अर्जात एक जास्तीचा रकाना आहे : शाळेपासून चालत जाता येईल असं ओळखीचं घर. निम्मे पालक तो कोरा सोडतात. मग जूनमध्ये मी एकेकाला फोन लावून भरून घेते.