गोळी केव्हा झाडावी आणि केव्हा थांबावे?

परवानाधारक: स्वसंरक्षणासाठी माझ्याकडे परवान्याचे पिस्तूल आहे. नेमबाजीचा सराव नियमित होतो, परंतु गोळी झाडण्याचा निर्णय केव्हा घ्यावा हे कोणी नीट सांगत नाही. समोरचा माणूस चाकू घेऊन काही अंतरावरून धमकावत असेल, तर त्याने पहिला वार करेपर्यंत थांबावे लागते का? की चाकू दिसला एवढे कारण पुरेसे आहे?

जुना नेमबाज: दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. प्रशिक्षक तीन गोष्टी एकत्र पाहायला शिकवतात: समोरच्याकडे जीवघेणी इजा करण्याची क्षमता आहे का, या क्षणी ती करण्याची संधी आहे का आणि त्याच्या वागण्यातून तसा इरादा दिसतो का. बंद जाळीच्या दरवाजापलीकडून चाकू नाचवणाऱ्याकडे क्षमता असते, इरादाही असेल, पण संधी नसते. अंतराबाबत १९८३ साली सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी दाखवले होते की, २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येऊ शकतो, आणि पिस्तूल बाहेर काढून नेम धरायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे लोकांनी त्यावरून ‘२१ फुटांच्या आत आला की झाडा’ असा नियमच करून टाकला, जो मुळात तसा मांडलेलाच नव्हता.

कायद्याचा अभ्यासक: भारतापुरते सांगायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ पाहावीत. पहिला वार झेलण्याची सक्ती नाही. शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण होताच स्वसंरक्षणाचा अधिकार सुरू होतो, मात्र ती भीती टिकेपर्यंतच तो टिकतो. जीव घेण्यापर्यंत जाता येते ते मृत्यू वा गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा कलम ३८ मधील प्रसंगांतच. पोलिसांकडे धाव घेण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हा अधिकारच मिळत नाही.

माझ्या मते घोडे पेंड खाते ते उत्तरार्धात. पहिली गोळी योग्य ठरते, हल्लेखोराच्या हातून चाकू गळून पडतो, तो पाठ फिरवतो, आणि तरीही दुसरी गोळी सुटते. शवविच्छेदनात जखम पाठीत निघाली की बचावाला मोठे खिंडार पडते. प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही हे न्यायालये मान्य करतात, पण ही सवलत धोक्याच्या क्षणापुरती असते, सूड उगवण्यासाठी नाही.

परवानाधारक: आणि चोर ऐवज घेऊन पळत असेल तर?

कायद्याचा अभ्यासक: साध्या चोरीत चोराला अडवता येईल, त्याचा जीव घेता येणार नाही. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे यांसाठी कलम ४१ वेगळे आहे, पण तिथेही गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही.

जुना नेमबाज: म्हणूनच सराव करताना प्रत्येक गोळीनंतर बोट चापावरून काढून समोरच्याचे हात पाहण्याची सवय लावावी, आधी ठरवलेल्या आकड्याइतक्या गोळ्या सलग झाडण्याची सवय नेमकी इथेच घात करते.