बिअर्डेड ड्रॅगनला (पाळीव सरड्याला) सहा दिवस शी नाही

प्रश्न: नागपुरात रात्री पारा दहाच्या आसपास. खाणं चालू, पण पोट टणक. एरंडेल द्यावं का?

उत्तर १: एरंडेल अजिबात नको! आधी बास्किंगच्या (ऊब घेत बसायच्या) दगडाचं तापमान मोजा, 38 ते 42 अंश हवं. ऊब कमी पडली की किडे पचत नाहीत, पोटातच सडतात. तोवर खाणं बंद. 32 अंशांच्या पाण्यात, खांद्यापर्यंतच, 15 मिनिटं बसवा.

उत्तर २: खाली वाळू असेल तर काढा, वर्तमानपत्र घाला. किडा दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन म्हणजे यूव्हीबी (कॅल्शियम अंगी लागायला हवे असलेले अतिनील किरण) नव्हे. कॅल्शियम घटलं की आतडंही सुस्तावतं.

उत्तर ३: मागचे पाय ओढतोय? मग पोट चोळू नका. सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात दाखवा, एक्स-रेबद्दल विचारा.