सुक्रोज आम्लात उकळलं, तरी बेनेडिक्ट निळंच का?

प्रश्न
सुक्रोजचं १ टक्का द्रावण ५ मिली घेतलं, त्यात २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २ मिली घालून उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवलं. मग त्याच परीक्षानळीत २ मिली बेनेडिक्ट (साखर ओळखायचं तांब्याचं निळं द्रावण; ग्लुकोजसारख्या साखरेबरोबर तापवलं की विटकरी साका देतं) ओतून पुन्हा तापवलं. ओतताना फसफसलं, पण विटकरी साका नाहीच. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे झाले असतील तर रंग का बदलत नाही?

प्रतिसाद १
फसफसलं, तिथेच उत्तर आहे. बेनेडिक्टमध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम कार्बोनेट असतं. तुमच्या २ मिलीत जेमतेम १.९ मिलिमोल. आम्ल होतं ४ मिलिमोल. कार्बोनेट सगळं आम्लातच संपलं, आणि माध्यम अल्कली नसेल तर तांब्याचं क्षपण (साखरेकडून इलेक्ट्रॉन घेऊन विटकरी साका होणं) होत नाही. साखर फुटली असणार, दिसली नाही इतकंच.

उकळल्यावर नळी आधी गार करा. आम्ल मारायला सोडियम बायकार्बोनेट चिमूट चिमूट टाका, एकूण साधारण ०.३४ ग्रॅम लागेल. गरम नळीत एकदम टाकलंत तर फेसाबरोबर सगळं बाहेर. फेस थांबून लाल लिटमस निळा झाला, की ५ मिली बेनेडिक्टमध्ये यातले ८ थेंब घालून ३ मिनिटं उकळत्या पाण्यात. द्रावण पातळ झालंय, त्यामुळे हिरवट-पिवळा रंग आला तरी पुरे.

प्रतिसाद २
आम्ल न घातलेल्या सुक्रोजची नळी शेजारी ठेवाच. ती निळी राहायला हवी. नाही राहिली, तर बहुधा ड्रॉपर ग्लुकोजच्या बाटलीतला!

सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा कार्बन १ आणि फ्रुक्टोजचा कार्बन २ एकमेकांत अडकलेले असतात, म्हणजे क्षपण करणारी दोन्ही टोकं बंद. माल्टोज आणि लॅक्टोजमध्ये बंध १-४ असतो, एका ग्लुकोजचा कार्बन १ मोकळा राहतो. म्हणून ते आम्लाशिवायच साका देतात.

प्रश्नकर्ता
पिवळा आला! पण फ्रुक्टोज तर कीटोज (ग्लुकोजसारखा अल्डिहाइड गट नसलेली साखर), मग ते कसं चालतं? आणि ग्लुकोज-माल्टोज वेगळे कसे ओळखायचे?

प्रतिसाद १
अल्कलीत फ्रुक्टोजचं एनडायॉल (दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनवर OH असलेलं रूप) बनतं, तेच तांब्याचं क्षपण करतं.

ग्लुकोज-माल्टोजसाठी बारफोड अभिकर्मक वापरा: कॉपर ॲसिटेट, सौम्य ॲसेटिक आम्लात. एकशर्करा (ग्लुकोजसारखी एकाच घटकाची साखर) २-३ मिनिटांत लाल साका देते, माल्टोजला १० मिनिटांच्या आसपास लागतात. घड्याळ लावूनच करा. जास्त उकळलंत तर त्याच आम्लात माल्टोज फुटून ग्लुकोज होतं.