उन्हाळ्यात बायकांनी पहाटे साडेचारला पळायला निघावं का?

तापीकाठ: मे महिन्यात जळगावात आठलाच ऊन चावतं, म्हणून ‘साडेचारला निघा’ असा सल्ला बायकांना सर्रास मिळतो. मला तो चुकीचा वाटतो. तेव्हा सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, रस्ता दिसण्याइतका उजेड त्याआधी वीसेक मिनिटं. साडेपाचच्या आत निघू नये. यावल-रावेरकडच्या केळीबागांमधून तर एकटीनं नकोच. केळी माणसापेक्षा उंच, दहा फुटांवर कोण उभंय ते दिसत नाही. त्यापेक्षा मेहरूण तलावाकडे फेऱ्या मारा, तिथे वर्दळ असते.

केळीवाला: रोज तीच जागा, तीच वेळ? पाळत ठेवणाऱ्याला आयतं वेळापत्रक मिळालं की! त्यात स्ट्रावाचं, म्हणजे पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपचं, खातं उघडं असलं तर घरही सापडतं. सुरुवात आणि शेवट नकाशावर लपवायची सोय आहे, ती आधी लावा. आणि मार्ग बदलत राहा.

तापीकाठ: स्ट्रावाचं पटलं. पण रोज मार्ग बदलला तर वेळ आल्यावर घरच्यांनी शोधायचं कुठे? वेळ पुढेमागे करा, फेऱ्यांची दिशा बदला. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांचं असतं. सव्वा तास पळणारीनं १ तासाचं लावलं तर नेमकं परतताना बंद पडतं. ८ चं लावा. बघणारं माणूस जागं हवं, हे वेगळं सांगायला नको.

पांझराकाठ: पेपर स्प्रे कमरेच्या पाऊचमध्ये ठेवून काही फायदा नाही, चेन उघडेस्तोवर वेळ गेलेली असते. मुठीत धरा. वारा समोरून असेल तर फवारा आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून आधी बाजूला सरका. डब्यावरची मुदत बघा. ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी पॉवर बटण काही फोनमध्ये तीनदा, काहींत पाचदा दाबावं लागतं, सेटिंगमध्ये तपासून ठेवा.

खान्देशकन्या: भाऊ, सगळं बाईनंच सांभाळायचं का? जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. पथदिव्यांचा टायमर उन्हाळ्याचाच राहिला तर ऐन पळायच्या वेळी अंधार. बंद दिव्यांचे खांब क्रमांक लिहून पालिकेच्या विद्युत विभागाला अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. नुसतं ‘दिवे नाहीत’ म्हटलं की अर्ज फायलीत जातो. कोणी पाठलाग करत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद.

केळीवाला: अर्ज द्याच. पण दिवा लागेस्तोवर?

खान्देशकन्या: तोवर तिघी-चौघी मिळून, रस्त्याच्या उजव्या कडेनं, म्हणजे गाडी समोरून दिसते. इअरफोन एकाच कानात. अर्जावर सह्या मात्र पळणाऱ्या पुरुषांच्याही हव्यात.